घायपातीची हळद

गच्चीवर लोक गुलाब लावतात, तुळस लावतात, फार तर कढीपत्ता. माझ्या नवऱ्याने घायपात लावली. गुरं शेतात शिरू नयेत म्हणून बांधावर लावतात तीच. नाशिक रोडच्या आमच्या रो हाउसची अख्खी गच्ची त्याने कुंड्यांतल्या घायपातींनी भरून टाकली होती. निळसर, करड्या, पांढऱ्या काठाच्या, काही वाटीएवढ्या तर काही मला कवेत घेता येणार नाहीत एवढ्या. कवेत घ्यावी असं कुणाला वाटणारही नाही म्हणा. तिथे वाळत घातलेली साडी धड परत आल्याचं मला आठवत नाही. कॉलनीतले लोक आमचा पत्ता सांगताना नंबर सांगत नसत, काट्यांचं घर म्हणत.

तोंडावर मी त्याला अहो म्हणत असे आणि मनात अरे. इथे मनातलंच लिहिते. तो एका कारखान्यात सुपरवायझर होता. दिवसभर माणसांवर ओरडून झालं की संध्याकाळी गच्चीवर जाऊन झाडांशी इतक्या हळू आवाजात बोलायचा की मला जिन्यात कान लावून उभं राहावं लागे. सुट्टीच्या दिवशी पंचवटीत जाऊन कुंड्या आणायचा, त्या मातीच्याच. प्लास्टिकच्या कुंडीत पाणी साचतं, मुळं गुदमरतात. आपल्याकडची काळी माती त्याच्या कुंडीत चिमूटभरही चालत नसे. बारीक खडी, विटांचा चुरा, थोडा कोळसा आणि नावाला शेणखत. ही खडी तो माझ्या पिठाच्या चाळणीने चाळायचा. त्यावरून आमचं जे काही होत असे ते शेजारच्या वहिनींना पाठ होतं.

घायपात उन्हाची, आणि नाशिकची थंडी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना स्वेटर विकत घ्यायला लावणारी. दिवाळी झाली की तो पाणी बंद करायचा. मुळं कोरडी असली तर झाड थंडी सोसतं, ओली असली तर कुजतं. अंधार पडायच्या आधी कुंड्या झाकायच्या आणि ऊन आलं की उघडायच्या. मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे अस्तराच्या तुकड्यांना तोटा नव्हता. डिसेंबरभर आमच्या गच्चीवर लाल, गुलाबी, मोरपंखी टोप्या घालून ही काटेरी मंडळी बसलेली असायची. खाली रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघायचे आणि मला इतकी लाज वाटायची की मी तेवढ्यापुरती आत जायची.

सासूबाई चांदवडकडच्या. सासरे गेल्यावर काही वर्षं तिकडे एकट्या राहिल्या आणि मग आमच्याकडे आल्या. आल्या त्या दिवशी गच्ची बघून मुलाला म्हणाल्या, "बांध तर घरात आणलास, आता गुरं बी आण." तो हसला. त्या दोघांचं असंच चालायचं. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे घरात चिडवायला माणसं मोजकीच होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर यायचं.

झाडं नुसती वाढवण्यावर त्याचं भागेना तेव्हा त्याने संकर करायचं मनावर घेतलं. त्याच्याकडे एक गोल, दाट, सुईसारख्या टोकांची घायपात होती. थंडी तिचं काही बिघडवू शकत नसे. आणि एक होती मऊ, फिकट हिरव्या रुंद पानांची, काटा औषधालाही नाही, पण जरा गारठा पडला की पानांवर डाग. या दोघींचं मिळून एक रोप करायचं. "थंडी सोसेल आणि तुझी साडी फाडणार नाही असं," तो मला म्हणाला. माझ्यासाठी काही करायची त्याची ही तऱ्हा. दागिने वगैरे त्याला सुचले नाहीत कधी.

अडचण एवढीच की घायपात आयुष्यात एकदाच फुलते. वर्षानुवर्षं गप्प बसते, मग एकदा तुरा काढते, आणि तुरा वाळला की झाडही वाळतं. दोन वेगळ्या जातींनी एकाच वेळी फुलावं असा योग कुठून आणायचा? त्यामुळे आधी फुलेल तिचा पराग जपून ठेवायचा आणि दुसरीची वाट बघायची.

गोल घायपात आधी फुलली. एका उन्हाळ्यात तिचा तुरा पाण्याच्या टाकीच्या वर गेला. पिवळ्या फुलांनी गच्च भरला, आणि नवरा शिडीवर चढून वर्तमानपत्राच्या कागदावर पराग झटकत राहिला. तो पराग उन्हात नव्हे, सावलीत वाळवला आणि एका छोट्या गोल डबीत भरला. बुटांच्या खोक्यात ओल शोषायची पुडी येते, तीही आत टाकली. ते त्याचं सुदैव, कारण पुढच्याच आठवड्यात वळवाच्या वाऱ्याने तुरा मधूनच मोडला. एकही बी धरलं नाही. बाकीच्या घायपातींना बुडाशी पिल्लं फुटतात, या जातीला तीही फुटत नाहीत. झाड वाळून गेलं. राहिली ती फ्रीजरमधली डबी.

आता सासूबाईंना फ्रीज साफ करायचं वेड. त्यांना ओळखू आली नाही ती वस्तू कचऱ्यात. नवऱ्याने विचार करून त्यांना सांगितलं, "माय, ही चांदवडच्या देवीची हळद हाय. हिला हात लावायचा नाय." पराग होताच हळदीच्या रंगाचा, थोडा फिका. सासूबाईंनी डबीला लांबूनच नमस्कार केला आणि फ्रीजरचं दार हळूच लावलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंड दाबून हसलो.

त्याच पावसाळ्यात तो गेला. ताटं वाढली होती, मी त्याला हाक मारली आणि तो खुर्चीतून उठलाच नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

नंतर त्याची झाडं मी प्रेमाने सांभाळली असं म्हटलं तर ते खोटं होईल. रागाने सांभाळली. हा गेला निघून आणि हे काटे माझ्या गळ्यात. सकाळी टोप्या काढताना बोटं टोचली की मी त्याला मोठ्याने बोलायची. पण काढायची, संध्याकाळी घालायची. पाणी बंद करायचं तेव्हा बंद केलं, पावसात कुंड्या पत्र्याखाली ओढल्या. एकही झाड मरू दिलं नाही, त्याला दाखवायचं होतं जणू.

दुसऱ्या वर्षी, त्याचं वर्षश्राद्ध होऊन गेल्यावरच्या थंडीत, मऊ घायपातीच्या मधून शेंडा निघाला. या जातीचा तुरा सरळ उभा राहत नाही. वर जातो आणि मग वाकून खाली येतो, पार कुंडीच्या खाली, आणि खालपासून टोकाकडे हळूहळू फुलत जातो. मी ते बघितलं आणि गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिले. इतके महिने मनात राग होता, त्या क्षणी तो कुठे गेला कळलं नाही. मला एकच गोष्ट हवी झाली. त्याला हवं होतं ते रोप. दुसरी संधी नव्हती. हे झाड आता फुलून मरणार, गोल झाड कधीच मेलं होतं, पराग त्या डबीतला तेवढाच, आणि तो झटकून गोळा करणारा माणूस आता उरला नव्हता.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. तो बोलायचा तेव्हा मी कंटाळून ऐकायची, पण ऐकायची. फुलातले पुंकेसर आधी पिकतात, म्हणून ते पराग सोडायच्या आत कापून टाकायचे, नाहीतर झाड स्वतःचंच बी धरतं. फुलाच्या मधला दांडा त्यानंतर काही दिवसांनी टोकाला चिकट होतो. संध्याकाळी तो ओला चमकायला लागला की त्यावर दुसऱ्याचा पराग टेकवायचा. मी शिवणाच्या छोट्या कात्रीने तुऱ्याच्या एका भागातले सगळे पुंकेसर कापले आणि मधमाश्या येऊ नयेत म्हणून त्यावर जाळीचं कापड बांधलं.

इकडे संक्रांत झाली आणि सासूबाई म्हणाल्या, "यंदा हळदीकुंकू करायचं."

"कुणाकडे?" मी विचारलं.

"कुणाकडं म्हंजे? आपल्याकडं."

"आई, आपल्या घरात सवाष्ण कुठे आहे?"

त्या तीळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझे सासरे गेले तवापासून बायका हळद लावत लावत माझ्यापाशी यायच्या आन् मला सोडून पुढच्या बाईकडं जायच्या. मग मी बाहेर बसणंच सोडलं. आत चुलीपाशी बसायची. लय वर्सं बसले. तुला तसं बसू द्यायचं नाय मला."

 मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींकडे मी आपणहून स्वयंपाकघरात राहिले होते, चहा करते म्हणून. हे त्यांनी बघितलं होतं तर.

हळदीकुंकू ठरलं त्याच दिवशी सकाळी मी जाळी उचलून बघितली तर पहिल्या फुलांचे दांडे टोकाला ओलसर झालेले. संध्याकाळपर्यंत तयार होणार. पराग एकदम गरम हवेत आणायचा नाही, म्हणून दुपारी डबी फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवली आणि लाडू वळायला बसले. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात. शेगडीसमोर मी घामाघूम झाले होते, बाहेर थंडी असून.

चारच्या सुमाराला बायका आल्या. आम्ही बोलावलं याचं त्यांना नवल वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण आल्या सगळ्या. मी सवयीने आतच घुटमळत होते. सासूबाईंनी हाक मारली. बाहेर पाट मांडला होता.

"बस."

मी बसले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाई वाकल्या, त्यांचं बोट माझ्या कपाळावर टेकलं, आणि या भुवईपासून त्या भुवईपर्यंत त्यांनी हळद लावली, चांगली जाड. मी डोळे मिटले होते.  मग लक्षात आलं की हळदीचा वास येत नाहीये. कपाळावर होतं ते पिठापेक्षाही मऊ होतं.

मी डोळे उघडले. त्यांच्या हातात ती डबी होती. बुटांच्या खोक्यातली पुडी तबकात बाजूला काढून ठेवलेली. "देवीची हळद हाय," त्या बायकांना सांगत होत्या. "माझ्या लेकानं आणून ठेवलेली. आज फ्रीजमधून आपसूक पुढं आली. म्हटलं, हिला लावायची तर हीच." आणि सगळ्यांना देवीचा प्रसाद मिळावा म्हणून त्यांनी डबी कोयरीतल्या साध्या हळदीवर उपडी केली आणि बोटाने कालवली.

 हळदीत मिसळला तो पराग गेलाच. पण डबीच्या तळाशी, कडेला, अजून थोडा चिकटून होता. काही फुलांना पुरला असता. मी हात पुढे करणार तेवढ्यात त्यांनीच डबी माझ्या हातात दिली.

"आता तू मला लाव," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर मागे सारून कपाळ पुढे केलं.

डबी माझ्या हातात होती. 'आई, थांबा, ही हळद नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. भोवती बायका बघत उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं. आता मी हात मागे घेतला असता तर त्यांना सोडून पुढे जाणाऱ्या बायकांतली मीही एक झाले असते. नवऱ्याचं शेवटचं जे काही होतं ते मी डबीच्या कडेवरून बोटाने पुसून घेतलं आणि त्याच्या आईच्या कपाळावर लावलं. सगळं. मग कुंकू लावलं, खाली, भुवयांच्या मध्ये.

त्यांनी डोळे उघडले, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि वहिनींना म्हणाल्या, "लाडू घ्या की. सून लय चांगले करती."

बायका तासभर बसल्या. शेजारच्या वहिनींनी पुन्हा मला पाटावर बसवलं आणि ओटी भरली. मी हसत होते, वाण देत होते, आणि कपाळाला हात लागू नये म्हणून जपत होते. मानसुद्धा बेतानेच हलवत होते. मनात एकच हिशेब. निदान हा माझ्या कपाळावरचा तरी आहे.

शेवटची बाई गेली तशी मी गच्चीवर पळाले. उजेड होता थोडा. जाळी सोडली. दांड्यांची टोकं चमकत होती. मी शिवणाच्या डब्यातला मऊ ब्रश आणला होता, तो कपाळावरून फिरवायचा आणि फुलाला लावायचा. मोबाइलच्या काचेत बघत मी ते करत होते, आणि ज्या फुलाला लावला त्याच्या बुडाशी निळा दोरा बांधत होते. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सासूबाई गच्चीवर फारशा येत नसत, गुडघे दुखतात म्हणून. दारात उभ्या राहून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"पुसती का गं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका लहान झाला होता. "लोकांपुढं लावून घेतली आन् आता पुसती?"

मग मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. ही हळद नव्हे, त्याच्या त्या गोल झाडाचा पराग आहे, तुम्ही फेकू नये म्हणून तो तसं बोलला होता, आणि हे फूल आज तयार झालंय, आणि डबीत आता काही उरलं नाही. बोलता बोलता मी रडायला लागले. त्यांना लागेल असं काही बोलायचं नव्हतं मला, पण शेवटी तोंडातून निघालंच, "तेवढंच होतं हो आई त्याचं."

त्यांनी निळे दोरे बांधलेली फुलं निरखून बघितली. मग म्हणाल्या, "देवीची शप्पत घातली व्हती का त्यानं?"

"नाही. नुसतं म्हणाला होता."

"मग ठीक हाय. बदमाश." असं म्हणून त्या एका पालथ्या घातलेल्या कुंडीवर बसल्या, पदर मागे घेतला आणि माझ्याकडे तोंड केलं. "मला बी लावलीस ना? घे मग. सगळी घे."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. त्यांच्या कपाळावर सुरकुत्या आहेत, खोल, आडव्या. पराग त्यांत जाऊन बसला होता. मी ब्रश हळूहळू एकेका सुरकुतीतून फिरवला. त्या डोळे मिटून, श्वास रोखून बसल्या होत्या. "गुदगुल्या होतात," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरचा पराग ज्या फुलांना लावला त्यांना मी लाल दोरा बांधला. आम्ही खाली आलो तेव्हा त्यांच्या कपाळावर नुसतं कुंकू होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

पुढचे काही आठवडे मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन दोरे बघत असे. निळ्या दोऱ्याची फुलं एक एक करून पिवळी पडली आणि गळाली. सगळी. कारण मला माहीत होतं. ओल लागली की पराग मरतो आणि मी पाकाच्या कढईसमोर दुपारभर घामाघूम झाले होते. लाल दोऱ्याची फुलंही गळू लागली तेव्हा मी बघणं सोडून देणार होते. पण त्यातल्या काहींचं बूड हिरवं राहिलं. मग ते फुगलं. हात लावून बघितलं तर टणक. बोंडं धरली होती.

मी खाली आले. सासूबाई टेबलाशी बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांना सांगितलं, माझ्याकडचं एकही लागलं नाही आई, तुमच्या कपाळावरचं तेवढंच लागलं. सांगताना मला आनंद होत होता, आणि खरं सांगायचं तर किंचित हेवाही वाटत होता.

त्यांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली.

"त्यात काय," त्या म्हणाल्या, "त्याला मी आधी बी एकदा रुजवलंच व्हतं की."